तिसऱ्या कडव्यात गिटार थांबते

१. प्ले

फीत कापलेली होती. ब्लेडनं, सरळ. आणि मग चिकटपट्टीनं कॅसेटच्या शेवटच्या पांढऱ्या टोकाला जोडलेली.

दिपक पुण्याहून आला होता. जुनी दुर्मिळ गाणी शोधायची आणि शौकिनांसाठी नव्यानं तबकडीवर काढायची, हा त्याच्या छोट्या कंपनीचा धंदा. ही कॅसेट म्हणजे सोलापूरच्या 'तिसरी पाळी' या रॉक बँडचं एकुलतं एक रेकॉर्डिंग. १९९८ सालचं गाणं, नाव 'धोटा', म्हणजे मागावर सूत घेऊन आडवं पळणारं लाकूड. यंत्रमागाच्या एका शेडमध्ये साध्या टेपरेकॉर्डरवर घेतलेलं. गेल्या वर्षी बँडच्या गिटारवाल्यानं ते इंटरनेटवर टाकलं आणि पोरं वेडी झाली.

इकडून तिकडं, तिकडून इकडं, धोटा पळतो बे
अंग आमचं विणून कुणाचा टॉवेल होतो बे

सगळ्यात जास्त लोक वेडे होते ते तिसऱ्या कडव्यावर. तिथं गिटार अचानक थांबते. नुसता आवाज, ड्रम आणि माउथ ऑर्गन. पोरं त्या शांततेवर लेख लिहीत होती.

गाणारा संघपाल त्याच दिवशी, त्याच शेडमध्ये, माइकचा शॉक लागून मेला होता. बावीस वर्षांचा होता. म्हणून तर तबकडी खपणार होती. वेष्टनावर टाकायचा फोटोही ठरला होता: जत्रेतल्या स्टेजवर अनवाणी संघपाल, हातात माइक, पायाखाली घडी घातलेली सोलापुरी चादर.

फक्त त्याच्या आईची, येसूबाईची, सही राहिली होती.

"सही करते की," येसूबाई म्हणाली होती. मिलिंदनगरातल्या दोन खोल्या, भिंतीवर बाबासाहेब, बुद्ध आणि संघपाल एका ओळीत. "पर पुढचं ऐकवा. 'मला वाळत घालताना' म्हनतंय माजं लेकरू आन् बंद पडतंय. वाळत घालताना काय? शेवटचं बोलनं हाय त्येचं. त्ये मला पायजे. मग घ्या सही."

दिपकला वाटलं होतं, टेप तिथंच संपली असेल. म्हणून त्यानं आज कॅसेट उघडली.

टेप संपली नव्हती. संपवली होती.


२. रिवाइंड

दिपकनं टेप ऐकायला रामहरीला बोलावून घेतलं. रामहरी मंगळवेढ्याचा. गुन्हे शाखेतून निवृत्त झालेला, आणि निवृत्त झाल्यावर जास्त खडूस झालेला माणूस. तिकडं काळ्या रानात ज्वारी उभी असली की दोन शिवारांपलीकडं कोण खोकलं ते कळतं. त्या शांततेत वाढल्यामुळं त्याला शहरातला प्रत्येक आवाज वेगवेगळा टोचायचा. सोलापुरात पाय ठेवला की त्याचं डोकं चढायचं.

त्यानं गाणं ऐकलं. परत ऐकलं. मग हेडफोन काढून विचारलं, "कॅसेट कुणाकडं होती?"

"अंबादासकडे. गिटारवाला. शेड त्यांचीच. पण शेडमध्ये तिघंही यायचे-जायचे, कॅसेट उघड्या पेटीत पडलेली होती. म्हणजे कापणारा कुणीही असेल."

"तिघं म्हणजे?"

"अंबादास. ड्रमवर चनबसप्पा, त्याचं आता नवी पेठेत साड्यांचं दुकान आहे. माउथ ऑर्गनवर अजिंक्य, तो मुंबईत सिनेमाला संगीत देतो. परवाच्या आपल्या चित्रीकरणासाठी आलाय इथं."

"आणि पोलिसांना काय सांगितलेलं?"

दिपकनं सांगितलं. त्या वर्षी आठवड्यातून एक दिवस कारखान्यांची वीज संध्याकाळपर्यंत बंद असायची. त्या दिवशी माग बंद, म्हणून शेड मोकळी, शांत. हे तिथं जमायचे. टेपरेकॉर्डर सेलवर चालवायचा, गिटार साधी लाकडी. संध्याकाळी, वीज यायच्या सुमारास, गाणं झालं. संघपाल वायरी गुंडाळत मागं थांबला, बाकीचे चहाला गेले. मागाहून वीज आली, अॅम्प्लिफायरमधून माइकमध्ये करंट उतरला.

"वीज नव्हती तर माइक कशाला?"

"माइक हातात नसला की त्याला गाताच यायचं नाही. अॅम्प्लिफायरला जोडलेला बंद माइक धरून गायचा. सगळे हसायचे."

रामहरी हसला नाही. "आईला सांगून ठेव. पुढचं सापडलं तर ते तिला नको असलेलंही निघेल."

"तुम्ही असंच म्हणाल म्हणून आधीच सांगितलं मी त्यांना. म्हणाल्या, मला काय हवं ते त्या पोलिसाला कुठून कळणार."


३. प्ले, प्ले

"यप्पा! ते कशाला उकरताय साहेब?"

चनबसप्पा गादीवर बसला होता, अंगानं दणकट, कपाळाला विभूती. समोर दोन बायका साड्या उलगडून बघत होत्या आणि तो बोटांनी लाकडी गजावर ठेका धरत होता. आपण वाजवतोय हे त्याला माहीत नसावं.

"गाणं संपलं, आम्ही चहाला गेलो, लाइट नव्हती, परत आलो तर संपलेला. एवढंच."

"तिसऱ्या कडव्यात गिटार थांबते. ठरवलेलं होतं?" रामहरीनं विचारलं.

बोटं थांबली. "तिसरं कडवं ठरलंच नव्हतं. संघपालनं उभ्या उभ्या जुळवलं. आधी कधी गायलाच नव्हता."

"म्हणजे पुढची ओळ तुम्हालाही माहीत नाही?"

"नाही की. कुणालाच नाही." त्यानं बायकांकडं बघितलं. "ताई, ती अंजिरी घ्या, रंग जात नाही."

"आणि ती पायाखालची चादर?"

"अंबादास टाकायचा. घरची, चार घड्या घालून. संघपाल गायचा अनवाणीच. स्टाइल आहे बे, म्हणायचा. संघपाल लई चिडायचा, मी काय नवरदेव आहे का म्हणून."

"रेकॉर्डिंगच्या दिवशी टाकली होती?"

चनबसप्पानं डोळे मिटले. "नाही," तो म्हणाला. "त्या दिवशी नव्हती."

अजिंक्य हॉटेलात नाश्ता करत होता. भारीतला चष्मा, पांढरी दाढी नीट कापलेली.

"गाणं संपलं, आम्ही चहाला गेलो, लाइट नव्हती, परत आलो तर संपलेला," तो म्हणाला.

रामहरीनं चहाचा कप खाली ठेवला. तीच वाक्यं. तोच क्रम. इतक्या वर्षांत खऱ्या आठवणी भुसभुशीत होतात. एवढी खणखणीत राहते ती पाठ केलेली गोष्ट.

"खरं सांगू का साहेब? मेला म्हणून मोठा झाला. जगला असता तर माझ्यासारखा साबणाच्या जाहिराती करत बसला असता."

"मेला नसता तर कुठं जाणार होता?"

अजिंक्यचा चमचा थांबला. "तुम्हाला कुणी सांगितलं? मुंबईचा एक कंपनीवाला आला होता. जानेवारीत, गड्ड्याच्या जत्रेत आम्ही वाजवलं तेव्हा. गायक द्या म्हणाला, वाजवणारे आमच्याकडे ढीग आहेत."

"आणि तो?"

"हो म्हणाला. अंबादासच्या घरी जेवताना सांगितलं त्यानं आम्हाला. अंबादासच्याच आईनं वाढलेलं खात. अंबादासनं कॉलेज सोडलेलं या बँडसाठी, बापाचा मार खाल्लेला. आणि हा म्हणतो, 'तुम्ही पण बघा की काहीतरी.'" अजिंक्य हसला. "वाईट नव्हता हो. पण जिभेला हाड नव्हतं."

"मग किती दिवसांनी रेकॉर्डिंग?"

"त्याच आठवड्यात. आठवण म्हणून करू, अंबादासच म्हणाला. थंडी होती, संघपाल शाल घेऊन आला होता."

रामहरी उठला. दारात वळला. "गाण्याच्या सुरुवातीला सपसप आवाज आहे. लोक म्हणतात, झांजेवर ब्रश फिरवलाय."

"ब्रश?" अजिंक्यनं चष्मा काढला. "ब्रश घ्यायची ऐपत होती कुठं आमची?"


४.

(इथली फीत कापलेली आहे. तुकडा सापडला की जोडू.)


५. व्हॉल्यूम

शेडच्या दारातच रामहरीला कानात बोटं घालावीशी वाटली. खट-खट-खट-खट. अंबादासचे माग आणि शेजारच्या दोन शेडमधले, सगळे एकदम.

"या की साहेब!" अंबादास सहज आवाजात बोलत होता. बारीक चणीचा, केस काळे केलेले. आता गिटारवाला म्हणून लोक त्याच्यासोबत फोटो काढायला येत होते. मागच्या भिंतीवर तोच जत्रेतला फोटो मोठा करून लावलेला.

"जरा आवाज बंद करता येईल का?" रामहरी ओरडला.

"कसला आवाज?"

रामहरीनं मागांकडं बोट केलं. अंबादास हसला. "ह्यो व्हय! आमाला कुटं ऐकू येतो. पाळण्यात असल्यापासनं हेच. माग बंद पडला तर माझी आई झोपेतनं उठायची."

तेवढ्यात वीज गेली. सगळे माग एकदम गप्प झाले. अंबादास बोलता बोलता उठला, भिंतीवरची लोखंडी दांडी खाली ओढली आणि येऊन बसला.

"काय केलं ते?"

"मेन पाडली. लाइट गेली की पहिलं काम. नायतर लाइट आली की सगळे माग एकदम उठतात, ताण्याचं सूत तुटतं. अख्ख्या सोलापुरात कुणालाबी विचारा."

"म्हणजे बाहेर वीज आली तरी इथं येत नाही. कुणीतरी दांडी चढवावी लागते."

"चढवायचीच की."

कोपऱ्यात एक बाई बादलीतलं पाणी मगानं जमिनीवर मारत होती. सपसप. सपसप.

"पाणी कशाला?"

"सूत कोरडं पडलं की तुटतं. माग चालू असला की मारावंच लागतं पाणी. सुट्टीला नाय." अंबादासनं आवाज खाली आणला. "साहेब, फीत उंदरानं खाल्ली असंल. म्हातारीला पाच-पन्नास हजार जास्ती द्या म्हणावं. मी ते गाणं हजारदा ऐकलंय. काय नाय त्यात."

"तो अॅम्प्लिफायर चावायचा, शॉक द्यायचा, हे कुणाला माहीत होतं?"

"कुणालाच नाय बे—नाय साहेब. माहीत असतं तर मित्राच्या हातात दिला असता का?"

रामहरीनं भिंतीवरच्या फोटोकडं बघितलं. अनवाणी पाय. खाली चार घड्यांची कोरडी चादर.

"उद्या सकाळी सगळ्यांना इथं बोलावतो," तो म्हणाला. "तो जुना अॅम्प्लिफायर आणि माइकपण काढून ठेवा. दिपकला चित्रीकरण करायचंय. आणि येसूबाई येणार आहेत."

"म्हातारी? ती कशाला?"

"सही करायला."


६. पॉज

सकाळी अंबादासनं आपले माग बंद ठेवले होते. शेजारचे चालू होते. दिपकनं कॅमेरा लावला. येसूबाई सुताच्या पेटाऱ्यावर बसली, पांढरं लुगडं, हातात कापडी पिशवी. चनबसप्पानं तिच्या पायाला हात लावला तेव्हा तिनं पाय मागं घेतले.

रामहरीनं टेप लावली.

सपसप. सपसप.

"हा ब्रश नाही. पाणी आहे. माग बंद, थंडीचे दिवस, तरी कुणीतरी पाणी मारतंय. आणि सवयीनं मारलेलं पाणी शेडभर फिरतं, आवाज लांब-जवळ होतो. हा आवाज हलत नाही. एकाच जागी पडतोय, टेपच्या समोर. जिथं गायक उभा राहणार." त्यानं परत ऐकवलं. "मागं संघपाल गुणगुणतोय. ड्रमच्या काड्या वाजतायत. माउथ ऑर्गनचा सूर लागतोय. काय नाही?"

अजिंक्यनं चनबसप्पाकडं बघितलं.

"गिटार," येसूबाई म्हणाली.

"गिटारवाल्याचे हात बादलीत होते. आता दुसरं कडवं ऐका. गाणं ऐकू नका. गाण्याच्या मागं ऐका."

दुसरं कडवं चाललं. ड्रमच्या खाली, फार लांबून, एक दुसरा ठेका सुरू झाला. खट-खट-खट. मग त्यात आणखी मिसळले.

दिपकचं तोंड उघडं पडलं. "शेजारचे माग!"

"बाहेर वीज आलीय. गाणं अजून चालू आहे. चहाला कुणी गेलेलं नाही. तिघांनी पाठ केलेली गोष्ट इथंच संपते." तो अंबादासकडं वळला. "हजारदा ऐकलंस. कापायचं ते कापलंस, उरलेलं साफ आहे म्हणून जगाला दिलंस. माझ्यासारखा मंगळवेढ्याचा माणूस असता तर पहिल्यांदाच दचकला असता. तुला माग ऐकूच येत नाहीत. आत्तासुद्धा येत नव्हते."

रामहरीनं टेप पुढं चालू केली.

तिसरं कडवं लागलं.

घाम पुसा, तोंड पुसा, पिळून टाका बे

गिटार थांबली. ती प्रसिद्ध शांतता. ड्रम चालू, माउथ ऑर्गन चालू, संघपाल चालू.

"आता चाल," रामहरी म्हणाला.

"काय?"

"इथं तू वाजवत नाहीस. मग काय करतोयस? शेजारी वीज आल्याचं कळलं तुला, ट्रान्स्फॉर्मरपाशी दिवा लागलेला दिसला असेल, कसंही असेल. गिटार ठेवलीस. चाल. दाखव."

मला वाळत घालताना

आणि त्या ओळीच्या टोकाला, फीत तुटण्याआधी, एक बारीक गूं. शेडमधल्या ट्यूबलाइटची.

"मेन आपोआप चढत नाही. काल तूच सांगितलंस. लोक ज्या शांततेवर मरतात ना, ती तुझी त्या दांडीपर्यंतची चाल आहे. अॅम्प्लिफायर चावतो हे तुला एकट्याला माहीत होतं, म्हणून प्रत्येक कार्यक्रमाला त्याच्या पायाखाली तू चादर घालायचास. आणि त्या दिवशी चादरीऐवजी पाणी घातलंस."

अंबादास खाली बसला. "फक्त झटका द्यायचा होता," तो म्हणाला. "गाणं बिघडावं म्हणून. एकदा तरी त्याचं काहीतरी बिघडावं म्हणून."

"तुकडा कुठंय?"

"जाळला."

"का?"

मागून चनबसप्पाचा आवाज आला, फाटलेला.

"कारण त्यात अंब्याचा आवाज आहे. मी सांगतो."


४. (जोडलेला तुकडा)

ट्यूब लागली. मी वाजवत होतो. संघपाल थरथरायला लागला. आधी वाटलं नाचतोय. तो नाचायचाच तसा. मग माइक तोंडाला चिकटलेला दिसला, अन् बोटं. पांढरी पडली होती बोटं.

मी ओरडलो, अंब्या, मेन पाड बे!

तो मेनजवळच होता. हात दांडीवर होता.

म्हणाला, कडवं संपू दे.

मी वाजवत राहिलो. का ते विचारू नका. हात थांबेनात. अजिंक्य कोपऱ्यात तोंडाला माउथ ऑर्गन लावून तसाच उभा, फुंकतसुद्धा नव्हता. मग दांडी पडली. संघपाल पडला. नंतर अंबादासनं आम्हाला ते वाक्य पाठ करायला लावलं. म्हणाला, नाहीतर तिघंबी आत जाऊ. आम्ही पाठ केलं. चहाच्या टपरीवर बसून, एकमेकांना म्हणून दाखवलं.


७. रेकॉर्ड

"आन् त्यो?" येसूबाईनं विचारलं. "त्यो काय म्हनला?"

"काय नाही, आई. तोंड उघडं होतं. आवाज नव्हता."

"पुढची वळ?"

"नव्हती, आई."

येसूबाई बराच वेळ पिशवीच्या बंदाशी खेळत राहिली. दिपक हळूच म्हणाला, "मी कॅमेरा बंद करतो." त्याच्या आवाजात लाज होती, पण डोळे चमकत होते. त्या शांततेची किंमत त्याच्या डोक्यात आत्ताच चढली होती.

"ऱ्हाऊ दे चालू," ती म्हणाली.

ती उठली. कोपऱ्यातल्या बादलीतून मग भरला आणि अॅम्प्लिफायरसमोर पाणी मारलं. एकाच जागी. सपसप. मग भिंतीकडं चालत गेली आणि लोखंडी दांडी दोन्ही हातांनी खाली ओढली. शेडमधले दिवे गेले. दारातून आलेलं ऊन तेवढं ओल्या फरशीवर राहिलं.

"चपला काढ, अंबादास. उभा ऱ्हा तितं. माइक धर."

"साहेब!" अंबादास रामहरीकडं वळला. "साहेब, तुमी पोलिस हाय की!"

"होतो," रामहरी म्हणाला, आणि दाराला पाठ लावून उभा राहिला.

अंबादासनं माइक धरला नाही. चनबसप्पा आला, त्यानं स्वतःचे जोडे काढले, विभूतीचं कपाळ घामानं निथळत होतं. त्यानं माइक अंबादासच्या मुठीत घातला आणि त्या मुठीवर आपला पंजा आवळला.

"सोड की बे! तू पण मरशील!"

"मी पण तितंच होतो," चनबसप्पा म्हणाला.

अजिंक्य एवढा वेळ भिंतीला टेकून होता. तो वाकला. अॅम्प्लिफायरची वायर उचलली, प्लग शोधला आणि खोबणीत बसवला. मग चष्मा पुसला.

येसूबाईचा हात दांडीवर होता.

"कडवं संपू दे म्हनला व्हतास," ती म्हणाली. आवाजात राग नव्हता. लेकराला पाढे म्हणायला लावावेत तशी बोलत होती. "मग संपीव की. तुला लई ऐकायचं व्हतं न्हवं? 'मला वाळत घालताना.' पुढं काय? म्हन. चांगली वळ म्हनलास तर हात काढते."

अंबादासनं तोंड उघडलं. त्याला एकही शब्द सुचला नाही. इतकी वर्षं तो त्या ओळीपाशी येऊन थांबला होता. त्याच्या पायजम्यावरून एक ओली रेघ खाली उतरली आणि फरशीवरच्या पाण्यात मिसळली.

"म्हन," येसूबाई म्हणाली. "मी थांबते."

शेजारचे माग चालले होते. खट-खट-खट-खट. अंबादासला ते जन्मात पहिल्यांदा ऐकू आले.